सीएलई 300 कॅब्रिओलेट: घाट, ऊस आणि ई20 च्या जमान्यात ॲव्हरेज किती?

कोटीची गाडी घेणारा ॲव्हरेज विचारत नाही, असं मोठ्या शहरांतल्या शोरूममध्ये मानतात. साताऱ्यात विचारतात, आणि सांगलीत तर किमतीच्या आधी विचारतात. त्यात चुकीचं काही नाही. परवडते की नाही हा त्यामागचा प्रश्न नसतोच. एका टाकीत कुठवर जाता येतं, घाटात गाडी किती पिते आणि कंपनीचा आकडा आपल्या रस्त्यावर कितपत उतरतो, हे पैसे मोजणाऱ्याला कळलं पाहिजे.

गाडी आहे मर्सिडीज-बेंझ सीएलई 300 4मॅटिक कॅब्रिओलेट. भारतात ती 2024 च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत होती 1 कोटी 10 लाख. कापडी छप्पर, चार सीट आणि चारही चाकांना कायम ताकद. 1,999 सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन 258 एचपी आणि 400 एनएम देतं, गिअरबॉक्स नऊ गिअरचा ऑटोमॅटिक. जोडीला 48 व्होल्टचा स्टार्टर-जनरेटर, जो गरजेला 23 एचपी आणि 205 एनएमचा हात देतो. शून्य ते शंभर 6.6 सेकंदांत. वजन पावणेदोन टनांच्या वर, टाकी 66 लिटरची.

निकाल आधीच सांगून टाकू. हायवेवर छप्पर बंद ठेवून शंभरच्या आत चालवली तर लिटरला साडेबारा-तेरा, घाटातली जाऊन-येऊन फेरी असेल तर नऊ-दहा, गावातल्या गावात सात. सगळं मिळून दहा-अकरा धरावं. हे आकडे गाडीचं वजन, वाऱ्याचा विरोध आणि इथल्या रस्त्यांचे चढ-उतार हिशोबात घेऊन काढलेले आहेत. पाय जड असेल तर यातून दोन वजा करा. युरोपातल्या चाचणीत गाडी शंभर किलोमीटरला आठ लिटरच्या आसपास पेट्रोल घेते, म्हणजे लिटरला साधारण साडेबारा. तो आकडा आपल्याकडे फक्त हायवेवर दिसतो. दोन टनांच्या घरातल्या, चारही चाकं ओढणाऱ्या, छप्पर उघडणाऱ्या गाडीसाठी दहा-अकरा हे चांगलंच ॲव्हरेज आहे.

चारही चाकांचा खर्च

बहुतेकांचा समज असतो की पेट्रोल खातं ते ऑल-व्हील-ड्राइव्ह. खातं, पण वाटतं तेवढं नाही. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट, पुढचा डिफरन्शिअल आणि दोन जादा ॲक्सल यांचं वजन साठेक किलो. ते सगळं सतत फिरत राहतं, त्यातलं ऑइल घुसळलं जातं, त्यामुळे लिटरला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास फटका बसतो. हवं तेव्हा मागच्या दोन चाकांवर आणायचं बटण इथे नाही, आणि या गाडीत टू-व्हील-ड्राइव्हचा पर्याय भारतात येतही नाही. म्हणजे ‘फोर-व्हील नको, ॲव्हरेज वाढवा’ हा सौदाच उपलब्ध नाही. बीएमडब्ल्यू झेड4 मागच्या चाकांवर चालते, वजनालाही हलकी आहे, पण तिचं इंजिन तीन लिटरचं आणि सीट दोनच. तुलना जुळत नाही.

जून ते सप्टेंबर यवतेश्वरच्या किंवा केळघरच्या घाटात शेवाळलेल्या, पानं पडलेल्या वळणावर या अर्ध्या किलोमीटरची किंमत वसूल होते. 400 एनएम एकट्या मागच्या चाकांवर टाकणारी गाडी तिथे मागून सरकते. ज्याची गाडी पावसाळाभर कव्हरखाली राहणार आहे, त्याने मात्र समजून असावं की हा फटका तो फुकट सोसतोय.

घाटाचा हिशोब

सातारा-सांगलीकडच्या माणसाला या गाडीचं ॲव्हरेज समजून घ्यायचं तर घाट समजून घ्यावा लागतो. बाकी सगळ्या गोष्टी त्याच्यापुढे चिल्लर.

दोन माणसं आणि थोडं सामान धरून गाडी 2,100 किलोची झाली समजा. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात आपण ही 2,100 किलो पावणेसहाशे मीटर वर उचलतो. त्याला जवळपास 12 मेगाज्यूल ऊर्जा लागते. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या एका लिटरमध्ये 30 मेगाज्यूल असतात, पण इंजिन आणि गिअरबॉक्समधून चाकापर्यंत पोचतात त्यातले आठेक. म्हणजे नुसत्या चढाचं पेट्रोल दीड लिटर. बारा किलोमीटर अंतर कापायचं पेट्रोल वेगळं, ते लिटरभर. एकूण अडीच लिटरमध्ये बारा किलोमीटर! डिस्प्लेवर चार-पाचचा आकडा दिसतो तो असा. त्यात गाडीचा दोष नाही. या वजनाची कुठलीही पेट्रोल गाडी तिथे हेच दाखवणार.

उतरताना चित्र उलटं. ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिनचं पेट्रोल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. पाचगणीहून वाईपर्यंत कपभर पेट्रोलही लागत नाही म्हटलं तरी चालेल. मग चढाचे दीड लिटर परत मिळाले का? थोडेच. उतारावर वेग आवरायला ब्रेक दाबला की ती सगळी मेहनत ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. 48 व्होल्टची यंत्रणा त्यातला थोडा भाग बॅटरीत भरून घेते, पण ती बॅटरी लहान असते. पसरणीच्या थोड्याच वळणांत ती भरते आणि पुढचा उतार ब्रेक आणि इंजिनवरच काढावा लागतो. म्हणून वर-खाली मिळून ॲव्हरेज नऊ-सव्वानऊच्या आसपास येतं.

सातारा ते कास थोडं सौम्य आहे. पंचवीसेक किलोमीटरमध्ये साडेचारशे-पाचशे मीटर चढ, नुसत्या चढाचं पेट्रोल सव्वा लिटर. जाताना सात, जाऊन-येऊन नऊ-दहा. फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागली की यातला एक आणखी कमी करा. इंजिन चालू ठेवून, एसी लावून उभी राहिली की गाडी तासाला लिटरभर पेट्रोल जाळते.

यात एक मेख आहे. डिस्प्लेवरचं ‘रीसेटपासून’चं ॲव्हरेज पाचगणीला शून्य करून खाली उतरलात तर वाईत पंचवीसच्या पुढचा आकडा दिसेल. त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकणारे लोक आहेत. घाटातला आकडा जाऊन-येऊन, एकाच जागी सुरू करून एकाच जागी संपवलेला असेल तरच त्याला अर्थ.

हीच गोष्ट सपाट वाटणाऱ्या रस्त्यालाही लागू आहे. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली म्हणजे साधारण 120 किलोमीटर. घाट एकही नाही, पण सातारा सांगलीपेक्षा दीडशे-पावणेदोनशे मीटर उंचावर आहे. त्यामुळे जाताना तेरा आणि येताना बारा, असा लिटरला एक किलोमीटरचा फरक नुसत्या उंचीने पडतो. परतीचं ॲव्हरेज कमी आलं म्हणून सांगलीच्या पंपाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पुण्याचंही तसंच: साताऱ्याकडे येताना खंबाटकी चढायची आणि वर पोचायचं ते पुण्यापेक्षा उंचावर. येताना अकरा आणि जाताना बारा आलं तर गाडी ठणठणीत आहे असं समजा.

घाट चढताना इको मोडचा उपयोग नाही. इकोमध्ये गिअरबॉक्स वरचा गिअर धरून ठेवतो, इंजिन दबतं, मग पाय दाबावा लागतो आणि गाडी एकदम दोन गिअर खाली येऊन ओरडते. कम्फर्टमध्ये दोन हजार आरपीएमच्या थोडं वर ठेवा. पूर्ण टॉर्क तिथेच मिळतो आणि टर्बोला झटके बसत नाहीत. उतरताना इकोमध्ये गाडी ग्लाइड करते, म्हणजे इंजिन सुटून गाडी मोकळी पळते. सपाट हायवेवर ही सोय उत्तम, घाटात अजिबात नको. तिथे स्टिअरिंगमागच्या डाव्या पॅडलने गिअर खाली घ्या. पेट्रोल तसंही शून्यच लागतं आणि ब्रेक थंड राहतात. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचतं हा कार्ब्युरेटरच्या काळातला समज आता सोडून द्यावा. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतं, गिअरमध्ये ते शून्य असतं.

छप्पर उघडलं की

छप्पर उघडायला 20 सेकंद लागतात आणि 60 च्या वेगापर्यंत चालत्या गाडीत उघडता येतं. ॲव्हरेजचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. छप्पर बंद असताना हवा काचेवरून सरळ मागे निसटते. उघडं असताना ती काचेच्या वरच्या कडेवरून आत कोसळते, मागच्या सीटपाशी गोल फिरते आणि गाडीला मागे ओढते. घाटात तीस-चाळीसच्या वेगाला हे ओढणं नगण्य. हायवेवर शंभरला मात्र लिटरला एक ते दीड किलोमीटर जातो. वारा आत येऊ नये म्हणून एअरकॅप वर केलं, म्हणजे काचेच्या माथ्यावरची जाळीची पट्टी उभी केली, की केस जागेवर राहतात, पण विरोध आणखी वाढतो. मानेशी गरम हवा सोडणाऱ्या एअरस्कार्फला फार वीज लागत नाही. जानेवारीत महाबळेश्वरला तो खुशाल लावा.

उघड्या छपरात एसी चालू ठेवणारे लोक असतात. चालतो तो, पण केबिन कधीच थंड होत नाही म्हणून कॉम्प्रेसरही कधी विसावत नाही. सांगलीत एप्रिल-मेच्या चाळिशीत दुपारी छप्पर उघडण्यात काय गंमत आहे हे उघडणाऱ्यालाच ठाऊक. पेट्रोलचं म्हणाल तर तेव्हा छप्पर बंद आणि एसी चालू हेच स्वस्त. आणि छप्पर उघडायचं तर डिकीतला आडवा पडदा खाली असावा लागतो. त्याने 385 लिटरची डिकी 295 ची होते. म्हणजे उघड्या छपराने फिरताना सामानाचं ओझं आपोआपच कमी, हा एक फायदा.

हायवे, सहापदरीचं काम आणि उसाचा हंगाम

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 80 ला जेवढा विरोध, त्याच्या दीडपटीहून जास्त 100 ला आणि सव्वादोन पट 120 ला. त्यामुळे ऐंशीला चौदा-पंधरा देणारी गाडी शंभरला तेरा आणि एकशेवीसला अकरावर येते. दुभाजक असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर मोटारीला मर्यादा शंभरचीच आहे, तेव्हा एकशेवीसचा आकडा माहितीपुरता. आणेवाडी ते तासवडे या टापूत नवव्या गिअरमध्ये इंजिन इतकं शांत पडतं की वेग किती झाला ते कळत नाही. क्रूझ कंट्रोल 90 ला लावून सोडून द्यावा. सध्या शेंद्रे ते कागल सहापदरीकरणामुळे ठिकठिकाणी सेवा रस्त्यावर उतरावं लागतं, तिथे मात्र क्रूझ विसरा.

पेठ नाक्याला महामार्ग सोडून सांगलीकडे वळलात की नोव्हेंबर ते मार्च वेगळीच परीक्षा असते. गाळप हंगाम सुरू असतो. समोर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, मागे रिफ्लेक्टर असेल तर नशीब, स्पीकरचा आवाज मात्र खणखणीत, वेग वीस. मागे लागायचं, जागा बघायची, ऐंशीपर्यंत उसळी मारून पुढे जायचं. पुढे दुसरा असतोच. 2,100 किलोची गाडी वीसवरून ऐंशीवर न्यायला साधारण 60 मिलिलिटर पेट्रोल लागतं, म्हणजे एका ओव्हरटेकला सहा-सव्वासहा रुपये. इस्लामपूर, म्हणजे आताच्या ईश्वरपूरपासून सांगलीपर्यंत असे दहा-बारा ट्रॅक्टर सहज भेटतात. पाऊण लिटर गेलं! साठवरून दहावर आणून पुन्हा साठवर नेणाऱ्या प्रत्येक गतिरोधकाला 35 मिलिलिटर. रंगवलेले असोत वा नसोत.

इथे 48 व्होल्टची यंत्रणा खरी कामाला येते. ट्रॅक्टर दिसल्यावर पाय लवकर सोडला तर थांबता थांबता वीज बॅटरीत जाते आणि पुढच्या उसळीला तोच जनरेटर इंजिनाला ढकलतो. शेवटच्या क्षणी कचकन ब्रेक मारला तर यातलं काही होत नाही. लांबून पाय सोडणारा आणि जवळ जाऊन ब्रेक मारणारा, या दोघांच्या ॲव्हरेजमध्ये याच रस्त्यावर लिटरला दीड-दोनचा फरक पडतो.

गावातलं फार सांगण्यासारखं नाही. विश्रामबागहून मिरजेला जाऊन आलं किंवा पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत चक्कर मारली, की इंजिन तापायच्या आत प्रवास संपतो. थंड इंजिनाला मिश्रण दाट लागतं, गिअरबॉक्सचं ऑइलही घट्ट असतं. सहा-सात मिळालं तर समाधान माना. रोज चार किलोमीटर जायला ही गाडी वापरू नका. पेट्रोलपेक्षा इंजिनाचं नुकसान जास्त.

टाकीत काय पडतं

ज्या उसाच्या मागे आपण अडकतो, तोच थोड्या दिवसांनी टाकीत येतो. देशात पेट्रोलमधलं इथेनॉल 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं आणि आपले दोन्ही जिल्हे उसाचे. इथेनॉलच्या लिटरमध्ये 21 मेगाज्यूल, शुद्ध पेट्रोलमध्ये 32. त्यामुळे ई20 मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी आणि आधीच्या ई10 पेक्षा तीन-साडेतीन टक्के. दहा-अकरा देणाऱ्या गाडीत ई10 च्या तुलनेत हा फरक लिटरला तीनेकशे मीटरचा. ‘ई20 मुळे माझं ॲव्हरेज तीनने पडलं’ असं कोणी सांगत असेल तर त्याने टायर, बॅटरी आणि स्वतःचा उजवा पाय तपासावा.

ऑक्टेन म्हणजे इंजिनात दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची पेट्रोलची ताकद. या इंजिनाला किमान 95 ऑक्टेन लागतं. ते कमी पडलं तर पेट्रोल वेळेआधी पेटून बसणारा ठोका (नॉकिंग) इंजिन ओळखतं आणि स्पार्क उशिरा देतं. गाडी चालते, पण चढावर दम कमी आणि पेट्रोल जास्त. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच वरचं असल्याने ई20 साठी ठरलेलं मानकही 95 चंच आहे. त्यामुळे साध्या ई20 वर गाडी अडत नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आत कोणतं इंधन चालतं त्याचं स्टिकर असतं, ते एकदा वाचून घ्या. 95 ऑक्टेनचं ब्रँडेड पेट्रोल मिळालं तर थोडे पैसे जास्त देऊन घाटात जाण्याआधी भरायला हरकत नाही. इथेनॉल नसलेलं, इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं एक्सपी100 मात्र साध्या पेट्रोलच्या दीडपट भावाचं. ॲव्हरेज सहा-सात टक्के वाढवायला किंमत पन्नास टक्के जास्त मोजायची, हा हिशोब कोणत्याच वहीत बसत नाही. त्याचा एक उपयोग खरा आहे: गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर शेवटची टाकी त्याची भरा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत ओलावा भरपूर असतो. ते मिळत नसेल तर निदान टाकी काठोकाठ भरून ठेवा.

ॲव्हरेज मोजायचं कसं

डिस्प्लेवरचा आकडा साधारण पाच टक्के चढा असतो असं धरून चाला. खरा आकडा टाकी ते टाकीच. एकच पंप, एकच नोझल, गाडी त्याच बाजूला तोंड करून उभी, आणि नोझलचा पहिला कट पडला की थांबायचं. पंपावरचा पोरगा “साहेब, राउंड फिगर करू का?” असं विचारणारच. नाही म्हणायचं. 5,480 वर थांबलेला काटा 5,500 करताना तो नोझल उचलून थेंब थेंब टाकतो, दर वेळी वेगळं, आणि मग आपल्या हिशोबात पाव-अर्ध्या लिटरची भेसळ होते. तीन टाक्यांची सरासरी काढा. एका टाकीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. टाकी कधीच रिझर्व्हच्या खाली जाऊ देऊ नका. रिझर्व्ह सात लिटरचा, घाटात तो बघता बघता संपतो.

66 मधले सात सोडले तर 59 लिटर उरतात. दहाच्या ॲव्हरेजने 590 किलोमीटर. साताऱ्याहून मुंबईला जाऊन यायला पुरतं, वर थोडं उरतं. माझ्या मते या गाडीत खरा कामाचा आकडा हाच आहे, कारण रुपयांचा फरक तसा किरकोळ. पेट्रोल 105 रुपये धरलं आणि वर्षाला 8,000 किलोमीटर फिरलात, तर नऊच्या ॲव्हरेजने 889 लिटर लागेल, अकराच्या ॲव्हरेजने 727. फरक 162 लिटर, म्हणजे 17,000 रुपये. या गाडीच्या विम्याच्या हप्त्यापुढे हे काहीच नाही.

एकदम पडलं तर कुठे बघायचं

हळूहळू कमी होणारं ॲव्हरेज आणि एका टाकीत दोनने पडलेलं ॲव्हरेज यांची कारणं वेगळी. एकदम पडलं असेल तर आधी स्टार्ट-स्टॉप चालतंय का ते बघा. सिग्नलला इंजिन बंद व्हायचं थांबलं असेल आणि हायवेवर ग्लाइडही होत नसेल, तर बॅटरी कमी चार्ज आहे. महिनाभर कव्हरखाली उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. तासभर हायवेवर नेऊन आणली तर बहुतेक वेळा परत सुरू होतं, नाहीतर बॅटरी तपासून घ्या. मे महिन्यात एसीचा भार असताना स्टार्ट-स्टॉप मधेच काम करेनासं होतं. तो बिघाड धरू नये.

दुसरी शंका ब्रेकची. पावसाळ्यात कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, अडकला तर एक चाक थोडं धरून राहतं. ब्रेक फार न मारता दहा किलोमीटर चालवा, थांबून चारही चाकांजवळ तळवा न्या, रिमला लावू नका. एका चाकाची ऊब बाकीच्या तिघांपेक्षा चढी असेल तर गाडी थेट वर्कशॉपला.

हळूहळू कमी होत असेल तर एअर फिल्टर. साखर कारखान्याच्या परिसरात गाडी उभी राहत असेल तर हंगामात बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची काळी राख छपरावर दिसते, तीच फिल्टरमध्येही जाते. वर्षाच्या सर्व्हिसची वाट न बघता हंगाम संपल्यावर फिल्टर बघून घ्यावा. छपराच्या कापडावरची राख ओल्या फडक्याने पुसू नका, आधी मऊ ब्रशने झटका.

टायरमधल्या हवेचा पेट्रोलवर फार परिणाम नाही. चार-पाच पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेज एखाद टक्काच घसरतं. पण इथल्या खड्ड्यात कमी हवेचा बुटका टायर रिमसकट जातो, आणि मग अलाइनमेंट बिघडलेली गाडी चाकं घासत चालते. ॲव्हरेज तिथे पडतं. हवा टायर थंड असताना, पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या तक्त्याप्रमाणे. दोघांची वेगळी, चौघांची वेगळी. एक टायर फुटला म्हणून एकच नवा टाकू नका. त्या ॲक्सलचे दोन्ही बदला, त्याच कंपनीचे, त्याच जातीचे. नवा आणि झिजलेला टायर वेगवेगळ्या घेराचे असतात, आणि चारही चाकं जोडलेल्या गाडीत तो फरक डिफरन्शिअल दिवसभर सोसत राहतो.

जुन्या बाजारात एएमजी ई 53 कॅब्रिओलेट बघत असाल, जी 2023 च्या जानेवारीत 1 कोटी 30 लाखांना आली, तर तिथे सहा सिलिंडर आणि 435 एचपी आहेत. टाकी तेवढीच, 66 लिटर. ॲव्हरेज सीएलईपेक्षा लिटरला दीड-दोनने कमी धरा. आवाज मात्र तिचाच, त्यात वाद नाही.

टेस्ट ड्राइव्ह मिळाली तर शोरूमजवळच्या चौकात चक्कर मारून परत येऊ नका. गाडी गरम झाल्यावर मीटर शून्य करून वीस किलोमीटर हायवेने जा आणि त्याच रस्त्याने परत या, जाताना छप्पर बंद ठेवून, येताना उघडून, दोन्हीकडे क्रूझ 90 ला लावून. मागे बसणाऱ्यालाही सोबत घ्या; 90 ला वारा त्याच्या तोंडावर किती येतो हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नाही.